शके १५८० ते बॅच नंबर

या खेळात गुन्हा आधीच घडलेला असतो. पोलिस नसतात, वाट दाखवणारा गाइडही नसतो. हातात एक पुस्तिका किंवा मोबाइल, पायात चांगली चप्पल आणि सोबत दोन-तीन जण, एवढ्या भांडवलावर शहरात शिरायचं. पहिला कागद सांगतो, अमुक देवळाच्या दारात उभे राहा आणि डावीकडच्या दगडावर काय कोरलंय ते वाचा. जे वाचलं त्यातून एक आकडा निघतो. तो आकडा पुढचं पान उघडतो आणि पुढचं पान पुढच्या गल्लीत नेतं. दोन-तीन तासांनी गुन्हेगार सापडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेवढ्या वेळात एक परकं शहर पायांखालून गेलेलं असतं.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘शोध’ असा कळवला, तेव्हा माझ्या मनात हाच खेळ होता. लंडन, पॅरिस, प्राग अशा शहरांत पर्यटक तो पैसे मोजून खेळतात. क्लूडअप, क्वेस्टो अशा नावांच्या कंपन्या त्यावर चालतात. पण तिथे शहरच मदतीला धावून येतं. कॅथीड्रल, पूल, पुतळे, काय हवं ते आहे. मला पाहायचं होतं की जिथे ‘बघायला काय आहे?’ असा प्रश्न खुद्द रहिवासीच विचारतात, तिथे हा खेळ रचता येईल का. म्हणून पिंपरी-चिंचवड, आणि तिथून पुढे चाकण.

माझी भाची चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तिला हे सांगितलं, तर म्हणाली, “मावशी, तू कोडी शोध. खेळणारी माणसं मी आणते.”

खेळ चालतो कसा

असल्या खेळांची वंशावळ बरीच जुनी आहे. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दलदलीच्या जागी बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड आत टाकायचं, एवढाच नियम होता. मे २०००मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या संदेशांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनच्या जंगलात एकाने वस्तूंनी भरलेली बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग सुरू झालं. २००७मध्ये क्योटोत ताकाओ काटो यांनी माणसांना खोलीत कोंडून कोडी सोडवायला लावली आणि एस्केप रूम जन्माला आली. आजचा शहरी डिटेक्टिव्ह खेळ म्हणजे या तिघांचं मिश्रण. माळावरची भटकंती, उपग्रहाचा नकाशा आणि कुलपाची कोडी, त्यावर एक गोष्ट पांघरलेली.

आपल्याकडे ही हौस वाचनातून भागली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने रहस्यकथा घरोघरी नेली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आला आणि सायकलवरून चोरांच्या मागे लागला. त्याच्या गोष्टी वाचताना मुलांना पुण्याचे रस्ते पाठ होत. गोष्टीतून गाव कळतं, हे त्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही.

खेळ रचायला बसलं की पहिला धडा मिळतो तो उत्तराविषयी. उत्तर घरबसल्या मिळता कामा नये. ‘चिंचवडचं मंदिर कोणत्या नदीकाठी आहे?’ हा प्रश्न बाद, कारण मोबाइल क्षणात सांगतो, पवना. ‘मंदिरातून नदीकडे उतरताना घाटाची पहिली पायरी कोणत्या बाजूला झिजलीय?’ याला मात्र जाऊनच पाहावं लागतं. पण इथे दुसरी अडचण उभी राहते. पायरी उद्या बदलली तर? फरशी बसली, भिंत रंगली, माहितीफलक नवा आला, तर खेळ तिथेच अडकतो. म्हणजे सुगावा जागेवरच दिसणारा हवा, टिकाऊ हवा, आणि त्याचं उत्तर एकच निघायला हवं.

या तीन कसोट्यांवर उभी गाडी नापास होते, कारण ती निघून जाते. दुकानाची पाटी नापास होते, कारण भाडेकरू बदलतो. माणूसही नापास होतो. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची दुकानं आहेत आणि तिथल्या गल्ल्यांत स्थलांतराची गोष्ट दर दहा पावलांवर मिळते. पण ‘कोपऱ्यावरच्या काकांना विचारा’ असं लिहिलं की काकांच्या दुकानावर दर रविवारी घोळका उभा राहणार. गल्ल्यावर बसलेल्याला आपल्या खेळाचा साक्षीदार करू नये, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकला. त्याच्याकडून काही विकत घ्यायला लावावं, ते चालेल.

शके १५८०

सुरुवात चिंचवडगावातल्या मोरया गोसावींच्या समाधी मंदिरापासून करायची, यावर वाद नव्हता. दगड टिकतो. आणि इथल्या दगडावर तारीख आहे.

सभामंडपातल्या देवनागरी शिलालेखाची नोंद ब्रिटिशांनी १८८५च्या पुणे गॅझेटिअरमध्ये घेतली आहे. त्यानुसार देवळाचं काम शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशीला सुरू झालं आणि विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला, सोमवारी पुरं झालं. खेळ रचणाऱ्याला याहून आयतं कुलूप कुठे मिळणार? शकात ७८ मिळवले की १६५८. चार आकडी कुलूप उघडलं.

पण भाचीने लगेच दुसरा प्रश्न काढला. “शेवट विकारी संवत्सरातला आहे. म्हणजे शके १५८१. मग काम किती महिने चाललं, ते विचारू या ना.”

कागदावर सोपं वाटतं. कार्तिक द्वादशी ते आषाढ द्वादशी आठ महिने, त्यातून आठ दिवस वजा. पण मधे अधिक महिना आला असेल तर? पंचांग काढून पाहणारा एक सांगेल, न पाहणारा दुसरं. प्रश्न सुंदर आहे, पण उत्तर एकाहून अधिक निघू शकतं. म्हणून तो खेळातून काढला आणि पुस्तिकेच्या शेवटी ‘घरी जाऊन भांडा’ या सदरात ठेवला.

शकाचं कोडंही वाटतं तितकं सरळ नाही. ७८चा हिशेब कार्तिकाला चालतो, कारण कार्तिक इंग्रजी वर्ष संपायच्या आत येतो. माघ-फाल्गुनातली तारीख असती तर ७९ मिळवावे लागले असते, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं आणि शक मात्र पाडव्याची वाट पाहत असतो. खेळणाऱ्यांना हे सांगायचं नाही. ‘महिना नीट बघा’ एवढीच सूचना द्यायची. ज्याने घरात कालनिर्णय उलटून पाहिलंय त्याला ते उमगतं. एकाच तारखेची दोन रूपं असतात, हे एकदा कळलं की जुन्या वास्तूवरची कुठलीही शकाची तारीख माणूस स्वतः वाचू लागतो. गाइडने सांगितलेली माहिती संध्याकाळपर्यंत टिकते, पण हाताने उघडलेलं कुलूप विसरलं जात नाही.

मंदिराच्या आवारात खेळ म्हणून वावरायचं तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. समाधीच्या गाभाऱ्यात कोडं नको, दर्शनाच्या रांगेत कागद पसरायचे नाहीत, चतुर्थीला या टप्प्याला सुट्टी. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी इथून मोरगावला निघते, तेव्हाही नाही. आणि पावसाळ्याचं गणित वेगळंच. धरणातून पवनेत पाणी सोडलं की नदी देवळात शिरते. आवाराबाहेर फुलं विकणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या हार ओवताना मान वर न करता म्हणाल्या, “पाणी आलं की आम्ही वर सरकतो. देव तिथंच.” पुस्तिकेत म्हणून पहिल्या टप्प्याला दोन वाटा ठेवाव्या लागल्या. एक घाटावरून, दुसरी मंगलमूर्ती वाड्याच्या बाजूने.

तपासनीस कोण?

मंदिरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर चापेकर वाडा आहे आणि पुढे चापेकर चौकात तिघा भावांचं स्मारक. डिटेक्टिव्ह खेळासाठी चिंचवड निवडण्याचं खरं कारण हेच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशभर गाजलेला पोलिस तपास याच घराच्या दारापर्यंत येऊन पोचला होता.

हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. १८९७च्या सुरुवातीला पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते आणि लोकांच्या मनात संताप साठला होता. २२ जून १८९७ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव गणेशखिंडीतल्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये झाला. आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मेजवानीहून परतताना रस्त्यात दामोदर हरी चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि बाळकृष्ण यांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाला. बग्गी ओळखली की द्यायची खूण होती ‘गोंद्या आला रे’. रँड ३ जुलैला मेला.

पुढचा भाग मात्र क्वचित सांगितला जातो आणि खेळ रचणाऱ्याला तोच खुणावतो. सरकारने वीस हजार रुपयांचं बक्षीस लावलं. ब्रूइन नावाचा पोलिस अधिकारी तपासावर होता. गणेश आणि रामचंद्र द्रविड या भावांकडून धागा मिळाला आणि दामोदरपंत पकडले गेले. १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. ८ फेब्रुवारी १८९९ला धाकटे वासुदेव आणि मित्र महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. त्या मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १० तारखेला रानडे आणि १२ तारखेला बाळकृष्ण फासावर गेले.

यात रहस्यकथेला लागणारं सगळं आहे. सांकेतिक खूण आहे, रात्रीचा रस्ता आहे, बक्षीस आहे, खबऱ्या आहे, दुसरा खूनही आहे. कागद पुढे ओढून आम्ही कोडी मांडायला बसलो आणि तिसऱ्याच कोड्याशी भाचीची पेन्सिल थांबली.

“मावशी, हे सोडवणारा कोण होतो गं?”

डिटेक्टिव्ह खेळात खेळणारा तपासनिसाच्या खुर्चीत बसतो. त्याला दुवे जुळवायचे असतात, नाव शोधायचं असतं. पण या गोष्टीत ती खुर्ची ब्रूइनची आहे. चिंचवडमध्ये, वाड्याच्या दारात उभं राहून, ‘शाबास, तुम्ही आरोपी शोधलात’ असं कुणाला सांगायचं? ज्याने हे कोडं खरोखर सोडवलं, त्याचा पुतळा या गावात नाही, आणि बक्षिसाच्या आशेने ज्यांनी दुवा दिला त्यांचं नाव आजही खाली मान घालून घेतलं जातं. लंडनमध्ये होम्सच्या खुर्चीत कुणीही बसतो. पारतंत्र्यातल्या शहरात ती खुर्ची इतकी निर्धास्त नसते.

आम्ही मग तो टप्पा उलटा फिरवला. इथे खेळणाऱ्याने काही शोधायचं नाही, निरोप पोचवायचा. गटाचे तीन भाग करायचे. एक वाड्यापाशी, एक चौकात, एक मधल्या वळणावर. एकमेकांना दिसणार नाहीत अशा जागी उभं राहून, मोबाइल न वापरता, गर्दीत कुणाच्या लक्षात न येता खूण पुढे सरकवायची. हाका मारून चालत नाही. रिक्षा मधे येते, बस आडवी उभी राहते, कुणीतरी पत्ता विचारायला थांबतं. पहिल्यांदा खेळून पाहिलं तेव्हा खूण तिसऱ्यापर्यंत पोचलीच नाही. खेळणारा एक पोरगा वैतागून म्हणाला, “दिवसाढवळ्या एवढं अवघड जातंय, तर रात्री त्यांनी कसं केलं असेल?” माहितीफलकावरचे दहा परिच्छेद वाचून हा प्रश्न त्याला पडला नसता.

टप्प्याच्या शेवटी पुस्तिकेत एक कोरा चौकोन आहे. ‘खूण कुणी दिली त्याचं नाव इथे लिहा, वीस गुण मिळतील.’ लिहिणाऱ्याचे वीस गुण कापले जातात. हे आधी सांगितलेलं नसतं, म्हणून पुष्कळजण चिडतात. भाचीचं मत होतं की खेळात असली परीक्षा घेऊ नये, माणसं सुट्टीच्या दिवशी मजा करायला येतात. माझं म्हणणं, वीस हजारांचा तो कागद त्या काळी किती जणांनी रात्री झोपताना आठवला असेल, याचा अंदाज वीस गुणांनीही थोडा येतो. चौकोन राहिला. त्याखाली ‘हा टप्पा बारा वर्षांवरील मुलांसाठी’ अशी ओळ तिच्या आग्रहाने घातली.

दामोदरपंतांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं होतं. सरकारी दप्तरातल्या त्याच्या इंग्रजी भाषांतरामुळे ते पुढच्या पिढ्यांना वाचायला मिळालं. वाड्यातून निघताना खेळणाऱ्याला एवढं एकच वाक्य माहिती म्हणून मिळतं.

गेटच्या अलीकडे

चिंचवडहून पिंपरीकडे निघालं की दगड संपतो आणि कंपाउंड सुरू होतं. इथे इतिहास आहे, पण तो भिंतीच्या आत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४मध्ये पिंपरीत उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचं साहाय्य घेऊन १९५५पासून इथे पेनिसिलिन बनू लागलं. देशाचं पेनिसिलिन ज्या गावात तयार झालं त्या गावाला तोवर नगरपालिकाही नव्हती. ती १९७०ची, आणि महानगरपालिका १९८२ची. कारखाने आधी आले, शहर मागून.

याच कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जगातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या सूचीत पिंपरी आहे, हे पिंपरीतल्या कितीजणांना ठाऊक असेल? कोडं म्हणून हे अप्रतिम, पण आमच्या पहिल्या कसोटीवर ते पडतं. जागेवर दिसत नाही. मोबाइल उघडून शोधावं लागतं. म्हणून आम्ही ते बक्षिसाच्या जागी ठेवलं. टप्पा पार केला की पाकिटात ही माहिती मिळते.

गेटपाशी उभं राहून कोडं सोडवता येईल का, हे पाहायला आम्ही औद्योगिक भागात हिंडलो. उत्तर सुरक्षारक्षकाने दिलं. “मॅडम, फोटो नको. आणि इथं थांबू पण नका, गाड्या वळतात.” त्याचं बरोबर होतं. ट्रेलर वळताना त्याचा मागचा भाग पदपथावर येतो. औद्योगिक वसाहतीत पायी फिरणारा माणूस धरलेलाच नाही. रस्ते कंटेनरच्या वळणाच्या मापाने आखलेले, सावली कमी, बसायला बाक नाही. म्हणून इथला टप्पा आम्ही मेट्रोला टांगला.

६ मार्च २०२२ला पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा मेट्रोचा तुकडा सुरू झाला. इथे ती जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून उंचावरून धावते. खेळणाऱ्याला तिकीट काढून संत तुकारामनगर, नाशिक फाटा, कासारवाडी असं जायचं आणि खिडकीतून तीन गोष्टी टिपायच्या. लोहमार्ग कोणत्या बाजूला आहे, नाशिक फाट्याचा दुमजली पूल मेट्रोच्या वर की खाली, आणि हिरवाईचे मोठे पट्टे कुठे. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८चा. महामार्ग त्याच्या शेजारून गेला, कारखाने या दोघांच्या मधे आणि कडेला बसले, आणि मेट्रो त्याच दिशेने वर चढली. वरून पाहिलं की शहर असं लांबट का पसरलं हे एका नजरेत कळतं. खाली रस्त्यावर उभं राहून ते कधीच कळत नाही. महामार्ग मधूनच ओलांडायचा नाही, पादचारी पूल किंवा स्थानकाचे जिने वापरायचे, ही सूचना पुस्तिकेत लाल अक्षरांत आहे आणि ती मोडणारा गट बाद.

पाच वेळा ‘का’

गुरुवारी इथल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते. भाचीने तिच्या विभागातली माणसं गुरुवारी चाकणला गोळा केली. एक बीडचा, एक वर्ध्याचा, एक बिहारमधल्या सिवानचा, एक इथलाच राजगुरुनगरचा. वयं पंचविशीच्या आगेमागे. त्यांच्यासोबत मी तिथल्या संग्रामदुर्ग किल्ल्यावर गेले आणि पाहिलं की खरे डिटेक्टिव्ह कोण ते.

क्वालिटीवाल्यांचं रोजचं काम म्हणजे तपासच. ग्राहक कंपनीकडून निरोप येतो की अमुक लॉटमधले भाग बसत नाहीत. लाइन थांबायच्या आत कारण सापडायला हवं. मग भागावरचा बॅच नंबर बघायचा, त्यावरून तारीख, शिफ्ट, मशीन, कच्च्या मालाचा हीट नंबर असं मागे मागे जायचं. संशयित माल लाल बिनमध्ये. ज्या जागी दोष झाला तिथे स्वतः जाऊन उभं राहायचं. नंतर व्हाय-व्हाय. जपानी मोटार कारखान्यांतून आलेली ही रीत चाकणच्या शॉप फ्लोअरवर आता वरणभाताइतकी रुळली आहे. दोष दिसला की ‘का?’ विचारायचं, उत्तराला पुन्हा ‘का?’, असं पाच वेळा. ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ या उत्तरावर थांबलेला रिपोर्ट साहेब परत पाठवतो.

संग्रामदुर्ग हा चाकणचा भुईकोट. तटाचे काही भाग, बुरूज, खंदकाची जागा उरली आहे, भोवती वस्ती आवळत आलेली. १६६०मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेने याला वेढा घातला. चिंचवडच्या देवळाचं काम पुरं होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर लोकांनिशी ऐन पावसाळ्यात जवळपास दोन महिने किल्ला लढवला. अखेर १४ ऑगस्टला मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग उडवला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला गेला.

पुस्तिकेतला प्रश्न एवढाच होता, ‘बुरूज का पडला?’ पोरांनी तो सवयीने हाती घेतला.

“खाली दारू भरली.” का? “भुयार खणता आलं म्हणून.” का? बीडचा तटाच्या पायथ्याशी गेला, बुटाने माती उकरली. “कातळ नाहीये. डोंगरी किल्ला असता तर खणताच आलं नसतं.” मग किल्ला डोंगरावर का नाही बांधला? इथे सगळे थांबले. राजगुरुनगरचा म्हणाला, “कारण राखायचा होता तो रस्ता. डोंगर नव्हता राखायचा.” जुन्नर-नाशिककडून उतरणारी वाट आणि घाटावरून देशाकडे जाणारी वाट इथे एकमेकींना छेदतात. पाचवा ‘का’ सिवानच्या मुलाने विचारला, हिंदी-मराठी मिसळून. “और रास्ता यहींसे का?” त्याचं उत्तर त्यानेच दिलं. सपाट आहे म्हणून.

भाचीने मागच्या पानावर मूळ कारण लिहिलं, ‘सपाट जमीन, नाक्याची जागा.’ आणि मग पेन तसंच धरून हसायला लागली. तिच्या कंपनीने चाकणला प्लांट का टाकला, याच्या सादरीकरणात नेमकी हीच दोन कारणं आहेत. ज्या गुणामुळे किल्ला इथे आला आणि ज्या गुणामुळे तो पडला, त्याच गुणामुळे मोटारींचे कारखाने आले. पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता आजही इथेच एकमेकांना कापतात, आणि तळेगाव चौकात रोज अडकणाऱ्या ट्रकवाल्याला या जागेचं महत्त्व वेगळं समजावून द्यावं लागत नाही. कांद्या-बटाट्याचा मोठा बाजार इथे भरतो तोही याच नाक्यामुळे.

या गटाने खेळ सुधारूनही दिला. कारखान्यात पोका-योके म्हणतात, म्हणजे भाग उलटा बसूच नये अशी रचना. वर्ध्याच्या मुलाने सुचवलं, उत्तराच्या चौकोनांची संख्याच अशी ठेवा की चुकीचं उत्तर मावणार नाही. शकाच्या कोड्यात उत्तराचे चार आकडे उलटसुलट बेरजेने तपासता येतील अशी खूण त्याने घालून दिली. शिवाय प्रत्येक कोड्याखाली तीन पायऱ्यांची मदत ठेवली. पहिली नजर कुठे टाकायची ते सांगते, दुसरी काय मोजायचं ते, तिसरी सरळ उत्तर देते. उन्हात अडकलेला गट उत्तर न मिळताच घरी गेला तर तो परत येत नाही, हे त्याचं म्हणणं. तेही खरंच.

पाहुणा कोण?

किल्ल्यातून बाहेर पडताना मी चौघांना विचारलं, यापूर्वी इथे कुणी आलं होतं का. राजगुरुनगरचा लहानपणी आला होता. बाकीचे तिघे चाकणमध्येच खोली घेऊन राहतात आणि किल्ला आहे हे त्यांनी रिक्षाच्या थांब्याच्या नावापुरतं ऐकलं होतं. कंपनीची बस खोलीपाशी घेते, गेटपाशी सोडते, रात्री परत आणते. गुरुवारी कपडे धुवायचे, घरी फोन करायचा, झोपायचं. शहर बघायला वेळ कुणाला आहे? आणि बघायचं असतं तरी, ते दाखवणारं कोण आहे?

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत दहा लाखांच्या वर होती, २०११मध्ये सतरा लाखांच्या वर. दहा वर्षांत सात लाख माणसं वाढली, आणि त्यांतली बरीचशी पाळीवर लागण्यासाठी बाहेरून आलेली. परदेशात हा खेळ दोन दिवसांच्या पाहुण्यासाठी बनतो. इथे तो दहा वर्षं भाडं भरणाऱ्यासाठी बनवावा लागेल. त्याला गाइड नको असतो, कारण गाइड पर्यटकाशी बोलतो आणि हा स्वतःला पर्यटक समजत नाही. त्याला माहितीफलकही पुरत नाही, कारण फलक त्याच्याकडून काही मागत नाही. खेळ मात्र त्याच्याच कौशल्याला हात घालतो. जो माणूस बॅच नंबरवरून दोषाच्या मुळाशी जातो, त्याला शके १५८० कशाला अवघड जाईल? आपण राहतो ते गाव वाचता येतं, आणि ते वाचायला लागणारी बुद्धी आपण रोज पगारासाठी वापरतोच, एवढं त्याला कळलं की झालं.

म्हणून पुस्तिकेचं शेवटचं पान आम्ही उघडं ठेवलं. तिथे एकच काम आहे. तुमच्या खोलीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, तुमच्या जन्माआधीपासून उभी असलेली एक गोष्ट शोधा. मंदिर चालेल, विहीर चालेल, चाळ चालेल, बंद पडलेल्या कारखान्याचा भोंगा चालेल. तीन रकाने भरा. कुठे आहे, केव्हाची आहे, आणि हे तुम्हाला कसं कळलं. गुण तिसऱ्या रकान्याला. ‘सगळे म्हणतात’ या उत्तराला शून्य, क्वालिटीच्या रिपोर्टसारखंच. सिवानच्या मुलाने पान घडी करून खिशात घातलं आणि विचारलं, पुरावा म्हणून घरमालकाच्या आजोबांच्या खरेदीखताची प्रत चालेल का. भाचीने त्याला सांगितलं की चालेल, पण मालकाची परवानगी घे.

छपाईचा खर्च माणशी एका वडापावाइतका येतो. या दिवाळीत भाऊबीजेला भाचीकडे लातूरहून नणंदा-जावा येणार आहेत आणि फराळानंतरची दुपार खेळासाठी राखून ठेवली आहे. नियम सगळ्यांना सारखे. फक्त जावयांच्या गटात स्थानिक माणूस घ्यायचा नाही, आणि वाटेत कुणी कितीही मान दिला तरी तिसरी मदत उन्हं उतरायच्या आत उघडायची नाही.